घरांची संख्या −४ आली, तर चूक कुठे शोधायची?

दहावीच्या सांख्यिकीत मुलं एक उदाहरण हमखास शेवटी ठेवतात. वारंवारता सारणीतल्या दोन वारंवारता गाळलेल्या असतात, मध्यक (चढत्या क्रमात बरोबर मधोमध येणारी किंमत) दिलेला असतो आणि गाळलेले आकडे शोधायचे असतात. खरं तर यात सांख्यिकी थोडी आणि बीजगणित जास्त. शिवाय इथे चूक झाली की बहुतेक वेळा उत्तरच चुगली करतं, त्यामुळे घरी स्वतःचं स्वतः तपासायला याच्याइतकं सोयीचं उदाहरण दुसरं नाही.

६० घरांचा महिन्याचा वीजवापर (युनिट) घेऊ:

० – २० : ६ घरं
२० – ४० : क्ष घरं
४० – ६० : १६ घरं
६० – ८० : य घरं
८० – १०० : ८ घरं

मध्यक ५५ आहे. क्ष आणि य काढा.

पहिलं समीकरण फुकटात मिळतं. एकूण ६० घरं, म्हणून ६ + क्ष + १६ + य + ८ = ६०, म्हणजे क्ष + य = ३०. हे सगळ्यात आधी लिहून ठेवायचं.

मग संचित वारंवारतेचा, म्हणजे वरून त्या ओळीपर्यंतच्या वारंवारतांच्या बेरजेचा रकाना. त्यात अक्षरं आली की मुलं बिचकतात. बिचकण्यासारखं काही नाही, बेरीज तशीच लिहीत जायची: ६, ६ + क्ष, २२ + क्ष, २२ + क्ष + य आणि शेवटी ३० + क्ष + य. मध्यकीय वर्ग शोधत बसायचीही गरज नाही. मध्यक ५५ दिलाय, म्हणजे वर्ग ४० – ६० हाच. आता खालची मर्यादा ४०, वर्गांतर २०, या वर्गाची वारंवारता १६, आधीच्या वर्गाची संचित वारंवारता ६ + क्ष आणि एकूण वारंवारतेच्या निम्मे ३०. हे मध्यकाच्या सूत्रात भरू:

५५ = ४० + [३० − (६ + क्ष)] ÷ १६ × २०
१५ = (२४ − क्ष) × ५/४
२४ − क्ष = १२
क्ष = १२, य = १८

आता चुका बघू.

क्ष = −४ आला तर संचित वारंवारता आधीच्या वर्गाची न घेता मध्यकीय वर्गाचीच घेतली आहे, म्हणजे ६ + क्ष च्या जागी २२ + क्ष. ही सगळ्यात जास्त होणारी चूक. सारणीत बोट ४० – ६० च्या ओळीवर असतं आणि डोळा त्याच ओळीतला आकडा उचलतो. रकाना भरून झाला की वरच्या ओळीतल्या आकड्याला पेन्सिलने गोल करायचा, मगच सूत्राला हात घालायचा.

क्ष = −१२ आला तर कंस सोडवताना चिन्ह बदललं नाही: ३० − ६ + क्ष असं झालं. ही चूक भलतीच फसवी, कारण उत्तरसूचीत १२ दिसतं, मुलगा हळूच वजाचं चिन्ह पुसतो आणि पुढे जातो. वही तपासणाऱ्याने शेवटच्या ओळीऐवजी कंसाची ओळ बघावी.

क्ष = १२.५ आला तर ३० च्या जागी ३०.५ घेतलेत. (एकूण + १) ÷ २ हे सुट्या, चढत्या क्रमाने मांडलेल्या संख्यांसाठी; वर्गीकृत सारणीत सरळ निम्मे घ्यायचे. साडेबारा घरं नसतात, एवढं लक्षात आलं तरी चूक सापडते.

वजा किंवा अपूर्णांक न येणाऱ्या चुका जास्त त्रासदायक. खालच्या मर्यादेऐवजी वरची ६० घेतली तर क्ष = २८, य = २ येतं. दिसायला अगदी सभ्य उत्तर! वर्गमध्य ५० घेतला तर क्ष = २०, य = १०; तेही सभ्यच. म्हणून उत्तर सारणीत परत भरून मध्यक काढून बघायचा. क्ष = २८ ठेवलं की संचित वारंवारता दुसऱ्याच वर्गात ३४ होते, म्हणजे मध्यक २० – ४० मध्ये जातो. क्ष = २० ठेवलं तर मध्यक ४५ येतो. १२ आणि १८ भरले की रकाना ६, १८, ३४, ५२, ६० असा येतो आणि मध्यक ४० + १२ ÷ १६ × २० = ५५.

याच सारणीत मध्यकाऐवजी मध्य (सरासरी) ५२ दिला असेल तर? सरळ पद्धतीने १५८० + ३०क्ष + ७०य = ३१२० असं जाडजूड समीकरण येतं. त्यापेक्षा मध्यप्रमाण विचलन पद्धत घ्यावी. गृहीतमध्य (सोयीसाठी धरलेला मध्य) ५० घेतला, तर वर्गमध्यांची त्यापासूनची विचलनं २० ने भागून −२, −१, ०, १, २. वारंवारतेशी गुणाकारांची बेरीज −१२ − क्ष + ० + य + १६, म्हणजे ४ + य − क्ष.

५२ = ५० + २० × (४ + य − क्ष) ÷ ६०

यावरून य − क्ष = २. क्ष + य = ३० मध्ये हे मिळवलं की य = १६, क्ष = १४. कुणी २० ने गुणायला विसरलं तर य = ७३ आणि क्ष = −४३ येतं, म्हणजे लपायला जागाच नाही. विचलनांची वजा चिन्हं गाळली तर बेरीज २८ + क्ष + य, म्हणजे ५८ होते आणि ५८ = ६ अशी ओळ उगवते. अशी ओळ आली की खोडाखोड न करता विचलनांच्या रकान्याकडे परतावं.

हीच दोन समीकरणं क्रेमरच्या पद्धतीने (सहगुणकांचे निश्चयक मांडून) सोडवायची असतील तर दुसरं −क्ष + य = २ असं लिहून घ्यावं. य − क्ष वरून सहगुणक लिहिलेल्या क्रमानेच उचलले तर क्ष = १६, य = १४ अशी अदलाबदल होते. बेरीज ३० च राहते, त्यामुळे नुसत्या पहिल्या समीकरणात ताळा घेऊन ती कळत नाही.

दिलेला मध्य आसन्न किमतीत असेल, समजा ५३.३३, तर क्ष १२.००५ असा येतो. तिथे १२ घ्यायला हरकत नाही. १२.५ ला मात्र ही सवलत नाही.

वर्ग ० – १९, २० – ३९, ४० – ५९ असे तुटक असतील तर मध्यकासाठी आधी ते सलग करावे लागतात: खालची मर्यादा ३९.५, वर्गांतर २०. अशा सारणीत मध्यक ५४.५ दिला आणि खालची मर्यादा ४० घेतली, की क्ष = १२.४ येतो. मध्यासाठी वर्ग सलग केले नाहीत तरी चालतं, कारण वर्गमध्य ९.५, २९.५, ४९.५ तेच राहतात. फक्त विचलनांना भागताना ३९ − २० = १९ घेऊ नये. दोन वर्गमध्यांतलं अंतर २० च आहे.