ससूनला हलवा

सातारच्या सिव्हिलमध्ये डॉक्टरांनी 'पेशंटला ससूनला हलवा' असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पंधरा वर्षांपूर्वी माझे चुलते विहिरीच्या कडेवरून पडले, तेव्हा हेच वाक्य आमच्या वाट्याला आले. पुण्याच्या वाटेवर खंबाटकी घाट ओलांडताना काकू पुनःपुन्हा विचारत होत्या, 'ससून अजून किती लांब?' पुण्याच्या या सरकारी रुग्णालयाला दिलेले ससून हे एका माणसाचे नाव आहे, हे त्या अँब्युलन्समधल्या कोणालाच ठाऊक नव्हते. मलाही नव्हते.

डेव्हिड ससून यांचा जन्म 1792 मध्ये बगदादला झाला. त्यांचे वडील तिथल्या ज्यू समाजाचे प्रमुख आणि राज्यकर्त्यांचे खजिनदार होते. पण पुढे दाऊद पाशाच्या अमदानीत छळ वाढला आणि ससून यांना बुशहर बंदराकडे पळून जावे लागले. तिथून 1830च्या दशकात ते कुटुंबासह मुंबईत आले आणि कापूस, कापड व अफू यांच्या व्यापारातून अफाट श्रीमंत झाले. चीनमध्ये त्या अफूने असंख्य घरे उद्ध्वस्त केली. त्यांच्याविषयी मला वाटणारी कृतज्ञता खरी आहे, पण हे वगळून ती मांडणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

मुंबईतील बगदादी ज्यूंचे ते आधारस्तंभ होते. (कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे आणि घरात मराठी बोलणारे बेने इस्राएल हा वेगळा समाज, आपल्याकडे या दोहोंत नेहमी गल्लत होते.) भायखळ्याचे मागेन डेव्हिड हे प्रार्थनामंदिर त्यांनी आपल्या समाजासाठी उभारले. पुण्यातील रुग्णालयासाठी दान देताना मात्र त्यांनी रुग्णाचा धर्म पाहिला नाही, आणि मला या माणसाबद्दल सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

1864 मध्ये पुण्यातच त्यांचे निधन झाले. रुग्णालय पूर्ण झाले 1867 मध्ये, आणि ज्याला पुणेकर लाल देऊळ म्हणतात ते लष्कर भागातील ओहेल डेव्हिड हे ज्यू प्रार्थनामंदिरही त्याच वर्षी. दोन्ही इमारतींचा आराखडा हेन्री विल्किन्स या एकाच लष्करी अभियंत्याचा. दोन्हींपैकी एकही वास्तू पुरी झालेली ससून यांना पाहता आली नाही. त्यांची समाधी लाल देवळाच्या आवारात आहे.

चुलते एकोणीस दिवस ससूनमध्ये होते. रात्री जुन्या दगडी इमारतीपाशी सतरंज्या अंथरून बसलेल्यांत वाईचे, फलटणचे, सांगलीचे लोक भेटत. कोणी भाकरी पुढे करी, कोणी रक्त कुठे मिळते ते सांगे. घरी परतल्यावर कितीतरी दिवसांनी मी ससून यांच्याविषयी वाचले आणि काकूंना सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी विचारले, 'त्यांच्यात श्राद्ध घालतात का रे?' ज्यू लोक मृत्युतिथीला दिवा लावतात, असे मी म्हणालो. त्या संध्याकाळी काकूंनी तुळशीपाशी नेहमीच्या निरांजनाशेजारी आणखी एक पणती ठेवली.