डी.ओ. म्हणजे नेमके कोणते डॉक्टर?

अमेरिकेतील मराठी कुटुंबांना फॅमिली डॉक्टर निवडताना नावापुढे ‘एम.डी.’ऐवजी ‘डी.ओ.’ ही अक्षरे दिसली की ही कुठली तरी पर्यायी चिकित्सा असावी, अशी शंका येते. शंका स्वाभाविक आहे. मात्र अमेरिकेत डी.ओ. (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) हे पूर्ण अर्हतेचे डॉक्टर असतात; ते औषधे लिहून देतात, शस्त्रक्रिया करतात आणि १९७३पासून सर्व राज्यांत त्यांना पूर्ण परवाना मिळतो. ब्रिटनमध्ये मात्र १९९३च्या कायद्याने नोंदणीकृत झालेला ऑस्टिओपॅथ हाताने उपचार करणारा व्यावसायिक असतो, वैद्यकीय डॉक्टर नव्हे. म्हणून पुण्या-मुंबईत ‘ऑस्टिओपॅथ’ अशी पाटी दिसल्यास त्या व्यक्तीची मूळ पदवी विचारून घ्यावी.

हाडे व स्नायूंवर हाताने उपचार करण्याच्या ऑस्टिओपॅथी या पद्धतीचे प्रवर्तक अमेरिकी डॉक्टर अँड्र्यू टेलर स्टिल. १८६४मध्ये मेंदूज्वराच्या साथीत त्यांची तीन मुले दगावली. त्या काळच्या उपचारांत पाऱ्याची संयुगे, जुलाब आणि अफू यांचा भरणा असे, त्यामुळे औषधांवरील त्यांचा अविश्वास मला समजण्यासारखा वाटतो. १८७४मध्ये त्यांनी आपला विचार जाहीर केला आणि १८९२मध्ये मिसुरीतील कर्क्सव्हिल येथे शाळा काढली, तिच्या पहिल्याच तुकडीत स्त्रियाही होत्या. हाडे व स्नायूंतील बिघाडामुळे रक्तप्रवाहात अडथळा येतो आणि त्यातून बहुतेक आजार होतात, हा त्यांचा दावा मात्र टिकला नाही. पुढे त्यांच्याच परंपरेतील महाविद्यालयांनी औषधशास्त्र स्वीकारले.

टिकला तो रुग्णाकडे पाहण्याचा दृष्टिकोन. शरीर, मन आणि जगण्याची परिस्थिती एकमेकांशी बांधलेली आहेत आणि शरीराची रचना व तिचे कार्य परस्परांवर परिणाम करतात, हे त्याचे सूत्र. कंबरदुखीचा रुग्ण आला तर केवळ एमआरआय न पाहता त्याची चाल, बसण्याची पद्धत, झोप, कामाचे स्वरूप, पूर्वीची शस्त्रक्रिया आणि डोक्यावरची चिंता यांची चौकशी करावी, स्नायू हाताने चाचपून पाहावेत, असे विद्यार्थ्यांना शिकवले जाते. हस्तोपचारांचे सुमारे २०० तासांचे जादा प्रशिक्षण असते, तरी प्रत्यक्ष व्यवसायात अनेक डी.ओ. ते क्वचितच वापरतात. अर्थात अशी विचारपूस चांगला एम.डी.ही करतो, ती कोणाची मक्तेदारी नाही.

हस्तोपचारांच्या पुराव्याबद्दल मी सावध आहे. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच चाचणीत कंबरदुखीवर खऱ्या आणि बनावट हस्तोपचारांतील फरक अगदी थोडा आढळला. कवटीची हाडे हलक्या हाताने हलवण्याच्या शाखेला तर विश्वासार्ह आधार नाही. मानेला झटका देण्याच्या उपचारात मेंदूकडे जाणाऱ्या धमनीला क्वचित इजा होऊ शकते, आणि हाडे ठिसूळ झालेल्यांना तर अशा झटक्याचा धोका अधिक असतो. म्हणून ऑस्टिओपोरोसिस असल्यास ती गोष्ट डॉक्टरांनी विचारण्यापूर्वीच सांगावी.