आज्ञार्थ

इंदूरच्या एका डायलिसिस केंद्रात मी तंत्रज्ञ आहे. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातला तो सोमवार होता. निवृत्त शिक्षिका असलेल्या बाई नेहमीप्रमाणे सकाळी सातला आल्या, मला सलाम केला आणि वजनकाट्यावर उभ्या राहिल्या. आदल्याच दिवशी त्यांच्या यजमानांचे दफन झाले होते आणि मीही त्या कबरीवर मूठभर माती टाकून आलो होतो. पण मूत्रपिंडे निकामी झालेल्या शरीराला दुःखासाठी रजा मिळत नाही. शुक्रवार ते सोमवार हा तसाही आठवड्यातला दोन डायलिसिसमधला सर्वांत लांबचा खंड, त्यात सांत्वनाला आलेल्यांबरोबर घोट घोट घेतलेला चहा. त्यामुळे वजन ड्राय वेटपेक्षा, म्हणजे शरीरात जादा पाणी नसतानाच्या वजनापेक्षा, चार किलोंनी वाढले होते आणि बोलतानाही त्यांना धाप लागत होती.

फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी हातात जोडून घेतलेल्या रक्तवाहिनीवर, बोटे ठेवून मी रक्ताची थरथर तपासली. “रात्री झोप लागली का?” असे विचारले.

“नाही रे. रडत होते. पहाटे थोडे गायले.”

मी काही बोललो नाही. आमची मुलगी गेल्यापासून उपासनेत “प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा” हे बायबलातले वचन वाचले गेले, की मी मान खाली घालत असे. शोक करणाऱ्या माणसाला असे सांगणे मला निष्ठुर वाटे.

तिसरा तास चालू असताना वीज गेली. जनरेटर सुरू झाला नाही आणि जुन्या यंत्रांच्या बॅटऱ्याही काही मिनिटांतच संपल्या. पंप थांबला, की नळ्यांत उभे राहिलेले रक्त गोठू लागते. म्हणून दांड्याने पंप हाताने फिरवून ते सलाईनबरोबर शरीरात परत घालावे लागते, आणि हवेचा सूचक बंद असल्याने टॉर्चच्या उजेडात एकेक बुडबुडा डोळ्यांनीच पाहावा लागतो. रुग्ण तीन होते. आम्ही दोघे, मी आणि सिस्टर. शेजारच्या खाटेवरचा एकोणीस वर्षांचा मुलगा घाबरून सुई ओढू पाहत होता.

“आधी त्याचे घे,” बाई म्हणाल्या. थांबण्याची किंमत त्यांना पुरती ठाऊक होती. सात वर्षे त्या यंत्राला जोडल्या जात होत्या. मग अंधारात त्यांनी हळू आवाजात भजन सुरू केले. दम अपुरा असल्याने प्रत्येक ओळ मध्येच तुटत होती. त्या मुलाला मराठी येत नव्हते, तरी त्याचा हात सुईवरून खाली आला. फिलिप्पैच्या तुरुंगात पाय खोड्यात अडकवलेले प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला मध्यरात्री स्तोत्रे गात होते आणि बाकीचे बंदिवान ऐकत होते, हे मी लहानपणापासून वाचत आलो आहे. भूकंप झाला आणि दारे उघडली ती त्यानंतर, हा क्रम मात्र दांडा फिरवताना पहिल्यांदा माझ्या ध्यानात आला.

बाईंच्या नळ्यांतले रक्त गोठले. ते सगळे फेकावे लागले.

वीज आल्यावर नवा संच जोडताना मी त्यांना माझी जुनी अडचण सांगितली. त्या थोडा वेळ छताकडे पाहत राहिल्या.

“आनंद होतो, तेव्हा आपल्याला काही करावे लागत नाही. पौलाने ‘आनंद करा’ असे लिहिले आहे, तो आज्ञार्थ आहे. स्वतः कैदेत असताना लिहिले, आणि तेही ज्या गावाने त्याला फटके मारून कोंडले होते त्याच गावच्या मंडळीला. रडणे थांबवा असे तो म्हणत नाही. मी आज घरी जाऊन पुन्हा रडणार आहे. पण प्रभूने त्यांना धरले आहे आणि मलाही सोडलेले नाही, हे मी रोज गाऊन स्वतःला ऐकवते. तेवढ्यावर उठता येते.”

पंप पुन्हा फिरू लागला. एक तास उरला होता.

“मघाच्या भजनाचे शेवटचे कडवे आठवत नाही,” त्या म्हणाल्या. “तुला येते का?”

येत होते. मी सुईवरची पट्टी दाबत नुसते शब्द सांगितले. चाल बाईंनी लावली.