चार खाली बारा

पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कला मी आठ वर्षं आहे. क्लेम रिजेक्ट होणं रोजचंच, पण ही केस काही डोक्यातून जात नाही.

सांगोल्याकडचे काका, किराणा दुकान, छातीत दुखलं म्हणून रात्री आणलेले, अँजिओप्लास्टी होऊन दोन स्टेंट पडले. कॅशलेसचं पहिलं अप्रूव्हल आलेलं म्हणून घरचे निवांत होते. डिस्चार्जच्या दिवशी फायनल बिल आणि समरी, म्हणजे आजार-उपचाराचा सारांश, पाठवली आणि दुपारी विमा कंपनीचा मेल, क्लेम नामंजूर, आधीचं अप्रूव्हलपण रद्द. कारण काय तर पेशंटला १२ वर्षांपासून बीपी आहे आणि पॉलिसी घेताना लपवलं. पॉलिसी सव्वादोन वर्षांची. पॉलिसीला सलग ६० महिने झाले असते तर फ्रॉड सिद्ध केल्याशिवाय हे कारण देताच आलं नसतं.

काकांना विचारलं तर म्हणाले, "बारा वर्षं? ओ ताई, गोळी आत्ता गणपतीत चालू झालीय."

मी वॉर्डात जाऊन सिस्टरकडून फाईल घेतली. पहिलं पान, आरएमओंनी, म्हणजे वॉर्डच्या ड्युटी डॉक्टरांनी, हाताने लिहिलेलं. हायपरटेन्शन, म्हणजे बीपी, पुढे ४, तिरकी रेघ, १२. डॉक्टर लोक महिने असेच लिहितात, चार खाली बारा म्हणजे चार महिने, आठवडे असले की खाली ५२, दिवस असले की ७. समरी टाइप करताना त्याचं झालं १२ वर्षं. आणि ती समरी माझ्याच डेस्कवरून गेलेली, मी नीट वाचली नव्हती, याचं फार वाईट वाटलं.

आता नुसती समरी दुरुस्त करून भागत नाही, रिजेक्शननंतर बदललेली समरी म्हणजे हॉस्पिटलने मॅनेज केली असंच समोरचा धरतो. म्हणून त्या मूळ पानाची शिक्का मारलेली कॉपी, कार्डिओलॉजिस्ट सरांचं लेटरहेडवर सर्टिफिकेट, आणि गावच्या डॉक्टरांना फोन करून पहिल्या तपासणीचा केसपेपर मागवला, त्यावर तारीख आणि बीपी १६०/१००, स्पष्ट. हे सगळं कंपनीला पाठवलं, सोबतच्या पत्रात हेही विचारलं की आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा नियामकाच्या, २०२४ च्या नियमाप्रमाणे कंपनीच्याच क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही, तर ती मंजुरी कुठाय.

त्या दिवशी उत्तर आलं नाही. मुलाने आईच्या पाटल्या गहाण ठेवून बिल भरलं आणि रात्री नऊला डिस्चार्ज झाला. मग मी मुलाकडून कंपनीच्या ग्रिव्हन्स सेलला, म्हणजे तक्रार विभागाला, तक्रार टाकून घेतली, आणि महिन्याभरात दाद मिळाली नाही तर म्हणून नारायण पेठेतल्या विमा लोकपालांकडचा अर्जपण टाइप करून ठेवला. तिथे फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा निवाडा होतो, हे लोकांना माहीतच नसतं हो.

तो अर्ज लागला नाही. एकोणिसाव्या दिवशी क्लेम पास झाला.

काका फॉलोअपला आले तेव्हा डेस्कवर थांबून त्या पहिल्या पानाची झेरॉक्स मागून घेतली, पॉलिसीच्या पिशवीत घडी करून ठेवली, आणि ४ वर बोट ठेवून बायकोला दाखवत होते.