विक्रांतच्या बॉयलर रूममधलं 1971

विक्रांत या विमानवाहू युद्धनौकेवर होतो म्हटलं की लोक विमानांबद्दल विचारतात. सी हॉक कसं उडायचं, अलिझे डेकवर कसं उतरायचं. त्या युद्धातलं एकही उड्डाण मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मी स्टोकर, म्हणजे बॉयलर सांभाळणारा खलाशी, लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत शिकलेला. उड्डाण आम्हाला कळायचं ते प्रेशर गेजच्या काट्यावरून. विमान डेकवरून भिरकावणारा कॅटापल्ट वाफेवर चालायचा. विमान सुटलं की काटा खाली यायचा, आणि पुढचं विमान लागेपर्यंत तो पुन्हा वर चढवायचा, हेच आमचं युद्ध.

ते सोपं नव्हतं, कारण जहाजच आजारी होतं. चार बॉयलरपैकी एकाच्या वॉटर ड्रमला तडे गेलेले, त्यामुळे तो बंद. बाकीचे तीन जपून चालवायचे. 24 नॉटच्या वर पळणारी विक्रांत 16 नॉटच्या आसपास अडकली. विमान उडवायला डेकवर समोरून जोराचा वारा लागतो. काही निसर्ग देतो, उरलेला जहाजाने धावून मिळवायचा. पडलेल्या वाऱ्यात वाफ कमी म्हणजे विमान जागेवरच. 1965 च्या युद्धात विक्रांत गोदीत होती आणि तेव्हाचे टोमणे खलाशांच्या मनात होते. यावेळीही ती मागेच ठेवावी असं म्हणणारे होते. तिला पूर्वेला पाठवायचा नौदलप्रमुख ॲडमिरल नंदांचा निर्णय मला तेव्हाही बरोबर वाटला, आजही वाटतो.

मुंबई सोडली, मद्रास झालं, विशाखापट्टणम झालं आणि नोव्हेंबरात आम्ही अंदमानात एका आडोशाच्या नांगरवाड्यात लपलो. सिग्नलमध्ये त्या जागेचं नाव पोर्ट एक्स-रे. घरच्या पत्रात कुठे आहोत हे लिहायचं नाही. पाकिस्तानची गाझी पाणबुडी आम्हालाच शोधत होती आणि ती विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडाली, हे आम्हाला मागाहून समजलं.

4 डिसेंबरला सकाळी ॲक्शन स्टेशन्स झालं. बॉयलर रूममध्ये जायचं तर एअरलॉकमधून. एक दार लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, कारण आत पंख्यांनी हवा दाबून भरलेली. आत पाऊल टाकलं की कानात दडे बसायचे. डोक्यावरच्या हॅच बंद. एकाने डोळे गेज ग्लासवरच ठेवायचे. पाणी खाली गेलं तर नळ्या जळणार, वर चढलं तर पाणी वाफेबरोबर टर्बाइनमध्ये घुसणार. दुसरा भट्टीत तेल फवारणाऱ्या स्प्रेअरपाशी. तोंडाशी काजळी धरली की तेल नीट फवारत नाही, मग चिमणीतून काळा धूर निघतो आणि तो मैलोनमैल दिसतो. म्हणून जळता स्प्रेअर बंद करून काढायचा, साफ केलेला लावायचा आणि तेवढ्या वेळात प्रेशर पडू द्यायचं नाही. जाड हातमोज्यातूनही बोटं भाजायची.

काटा पहिल्यांदा खाली आला तेव्हा कोणी काही बोललं नाही. आमच्या पेटी ऑफिसरने दोन बोटं वर केली, म्हणजे अजून दोन स्प्रेअर लावा. त्या दिवशी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले झाले, पुढे खुलना, मोंगला. कॅटापल्टला गेलेली वाफ परत येत नाही, तिचं पाणी गेलं ते गेलंच. म्हणून गोडं पाणी आधी बॉयलरला, मग माणसांना. तेलकट घामाने खाजणारं अंग घेऊन तसंच झोपायचं. तक्रार करावीशी कोणालाच वाटली नाही. शत्रूच्या माऱ्यात आमचं एकही सी हॉक पडलं नाही याचा अभिमान खालच्या माणसांनाही तेवढाच होता. कॅप्टन स्वराज प्रकाश आणि सी हॉकचे लेफ्टनंट कमांडर गुप्ता यांना महावीर चक्र मिळालं, ते योग्यच झालं. पण तो दुखरा बॉयलर बाजूला ठेवून तिघांवर जहाज लढवणाऱ्या इंजिन रूमच्या लोकांबद्दल फार थोडं लिहिलं गेलंय, आणि हे मला मनापासून खटकतं.

9 डिसेंबरला अरबी समुद्रात दीवजवळ आपली युद्धनौका खुकरी टॉर्पेडो लागून बुडाली. 18 अधिकारी आणि 176 खलाशी गेले. त्यात लोणावळ्याला माझ्या शेजारच्या खाटेवर झोपणारा खेड तालुक्यातला माझा सोबती होता. बातमी आल्यावर मी वॉचवर जाताना शिडीच्या पायऱ्यांकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. वर यायला किती वेळ लागेल याचा हिशेब प्रत्येकजण मनात करत होता.

16 तारखेला ढाका पडलं. पहिली रजा मिळाली तेव्हा मी आधी त्याच्या घरी गेलो. त्याच्या वडिलांनी, तात्यांनी, चहा होऊ दिला आणि मग थेट विचारलं, "खालून वर यायला किती वेळ लागतो रे?"

मी शिडी, बंद दारं, अंधार, सगळं सांगितलं. "तात्या, टॉर्पेडो लागल्यावर तेवढा वेळ मिळत नाही," म्हणालो. त्यांनी आणखी बरंच विचारलं आणि मला माहीत होतं ते एकूण एक मी त्यांना सांगितलं. बापाचा तो हक्क होता.