शेठ, पीआरवाल्या मॅडम आणि बिलं

आज वाळूजच्या टपरीवर दिवसभर एकच विषय: जुने कारखानदार शेठ आणि त्यांचं पीआर, म्हणजे प्रसिद्धीचं काम, बघणाऱ्या मॅडम यांचं जमलंय. प्रेमाला कुणाची ना नाही हो, घोळ होतो बिलांत. मॅडमचं महिन्याचं रिटेनर (ठरलेल्या फीचं) बिल शेठच पास करणार, म्हणजे अकाउंटंटला रक्कम जास्त वाटली तरी तो गप. म्हणून सही भागीदाराची घ्यावी, कंत्राट वाढवताना दुसरं कोटेशन मागवावं, आणि भागीदारांना या नात्याबद्दल दोन ओळी लेखी कळवावं, बोभाटा व्हायच्या आत!

उद्या बिनसलं तर? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात कंत्राटावरच्या बाईलाही तक्रार करता येते, मुदत 3 महिने. आणि तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर ती कारखान्यातल्या समितीकडे नाही, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. हे बऱ्याच शेठलोकांना माहीतच नसतं.