अंजनगाव ते जैसलमेर: आखणी कुठवर आली

जयपूर कापलं. पुष्करही कापलं. राजस्थानच्या सहलीच्या यादीतून ही दोन नावं खोडल्यावर घरात जो गहजब झाला, तो अजून पुरता निवलेला नाही. "जैपूर नाही पाह्यलं तं राजस्थान काय पाह्यलं?" हा बायकोचा सवाल रोज जेवताना ताटाशेजारी वाढलेला असतोच. पण अंजनगाव सुर्जीजवळच्या आमच्या गावातून निघून बोलेरोनं जैसलमेर, बिकानेर करायचं आणि पंधरवड्याच्या आसपास घरी परतायचं, तर काहीतरी सुटणारच. शहरं कमी करून वाळवंटाला दिवस द्यायचे, एवढं या महिन्यात पक्कं झालं. मागची जंत्री आता रद्द समजा.

तारखा आम्ही ठरवल्या नाहीत, वावरानं ठरवल्या. आंबिया बहाराची संत्री डिसेंबरपर्यंत उतरते, मृग बहार यंदा धरलाच नाही. कपाशीची वेचणी जानेवारीत शेवटाला येते, तूर सोंगून (कापून) मळणी होईस्तोवर संक्रांत उलटते. पुढं फेब्रुवारीच्या अखेरीस हरभरा सोंगणीला बोलावतो. संक्रांत ते महाशिवरात्र, एवढीच काय ती फट. सुदैवानं वाळवंटासाठीही हाच काळ बरा. दिवसा ऊन सोसवतं आणि रात्री मात्र स्वेटरवर शाल लागते. जैसलमेरचा मरु महोत्सव माघी पौर्णिमेच्या सुमारास असतो. त्या दिवसांत तिथं खोल्यांचे भाव चढतात आणि गर्दीही होते, म्हणून पौर्णिमेच्या आधीच जैसलमेर सोडायचं. तुमच्यापैकी कुणाला लोकनृत्यं आणि उंटांच्या शर्यती बघायच्या असतील तर नेमकं उलटं करा.

आखणीत सहसा कुणी धरत नाही अशी एक गोष्ट म्हणजे सूर्य. जैसलमेर आपल्यापेक्षा साडेसहा अंशांच्या आसपास पश्चिमेला आणि बरंच उत्तरेला आहे. त्यामुळं जानेवारीत तिथं उजाडतं आपल्यापेक्षा अर्ध्या तासाहून जास्त उशिरा. सकाळी सहाला गाडी काढू म्हणणारे तिकडं दीड तास अंधारात गाडी हाकतील, आणि रात्री-पहाटे गाडी चालवायची नाही हा आमचा एकमेव कडक नियम आहे. आपल्याकडं रोही (नीलगाय) आडवा येतो, तिकडं रोह्यासोबत उंटही येतो. उंटाचे पाय लांब, धड उंच, त्यामुळं धडक बसली तर ते सगळं धूड थेट काचेवर. म्हणून मुक्काम गाठायचा तो दिवे लागायच्या आत, आणि नकाशा जो वेळ दाखवेल त्यात तिसरा हिस्सा वाढवून धरायचा.

जाण्याचा मार्ग. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसाल, धारणी करत खंडव्याला निघणारा मेळघाटचा रस्ता देखणा, पण वळणांचा. दुसरा अकोट, हिवरखेड, जळगाव जामोद करत बुऱ्हाणपूरला उतरतो. जाताना दुसरा घेतोय, कारण बुऱ्हाणपूर. मुमताज महल १६३१ मध्ये वारली ती याच गावात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. मला ओढ आहे ती कुंडी भंडाऱ्याची. १६१५ च्या सुमारास मोगलांनी सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहरात आणलं, आणि त्या बोगद्यावर ओळीनं शंभरावर विहिरींसारखी तोंडं ठेवली. मोटर नाही, पंप नाही, नुसता उतार. बोअर आटली की नवी बोअर मारणाऱ्या आपल्या तालुक्यानं तिथं एकदा सहल काढावी, असं माझं मत. पुढं असीरगड रस्त्यालगतच आहे. अकबरानं १६०१ मध्ये घेतलेला. वेळ उरला तर चढू.

इंदूर बाहेरून टाळायचं. इंदूरच्या सराफ्यात खायला जायचं म्हणजे अख्खी संध्याकाळ गेली, आणि ते कधीही करता येतं. मंदसौरला मात्र तासभर थांबायचंय, सोंदणीच्या यशोधर्म्याच्या स्तंभांसाठी. सहाव्या शतकात हूण राजा मिहिरकुलाला नमवल्याची नोंद त्यावर कोरलेली आहे. चितोडला पूर्ण दिवस. किल्ल्याचं पठारच एवढं पसरलंय की विजयस्तंभ, पद्मिनी महाल आणि कीर्तिस्तंभ एका दमात उरकणाऱ्यांनी नेमकं काय बघितलं, ते त्यांनाच विचारावं. विजयस्तंभ राणा कुंभाचा, १४४८ चा. कुंभलगडही त्याचाच, तिथं एक मुक्काम. उदयपूरला एक संध्याकाळ, बास.

आता जोधपूर. मेहरानगड १४५९ पासूनचा, तो बघणारच. पण त्याच्या पायथ्याशी राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे, त्याला मी अर्धा दिवस काढून ठेवलाय. किल्ल्याभोवतीच्या या खडकाळ जमिनीवर वेडी बाभूळ माजली होती. आपल्या बांधावर, नाल्यात, गावठाणात जिकडं तिकडं दिसते तीच. २००६ पासून ती खोदून काढून मरुभूमीची मूळ झाडं-झुडपं तिथं लावली गेली. वेडी बाभूळ नुसती तोडली तर बुडातून पुन्हा फुटते, हे बांध साफ करणाऱ्या कुणालाही सांगायला नको. तिथं खडकातून तिची मुळं कशी काढली आणि त्याच खड्ड्यांत थोर, केर, रोहिडा कसे जगवले, हे मला डोळ्यांनी पाहायचंय. शिवाय खडकही वेगळा. आपला काळा कातळ लाव्ह्याचा बेसाल्ट. तिथला लालसर ऱ्हायोलाइटही ज्वालामुखीचाच, पण वयानं आपल्या कातळाचा पणजोबा, सुमारे ७५ कोटी वर्षांचा.

जोधपूर ते जैसलमेर सरळ पोखरणवरून जाता येतं. आम्ही फलोदीवरून वळसा घेतोय, खिचनसाठी. हिवाळ्यात तिथं करकोचे उतरतात, लोक त्यांना कुरजां म्हणतात. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना दाणा टाकत आले आहेत. २०२५ मध्ये खिचन रामसर यादीत गेलं. पक्षी मार्चपर्यंत असतात, म्हणजे आमच्या फटीत बसतात. यासाठी आदल्या रात्री फलोदीत मुक्काम करावा लागतो, कारण खरी मजा सकाळच्या दाण्याच्या वेळची.

जैसलमेरमध्ये सगळे विचारतात, समच्या टेकड्यांवर तंबू घेतला का? नाही घेतला. तंबू, डीजे, जीप, उंट आणि ताटातली दालबाटी हे सगळं एकाच पाकिटात मिळतं. बट्ट्या आमच्या घरी दर पंधरा दिवसांनी होतात. वाळूसाठी खुहडी धरलंय, तिथं गर्दी तुलनेनं कमी. आणि वाळूचा सूर्यास्त एका संध्याकाळी पुरे. जैसलमेरात माझा मुख्य दिवस आहे तो खडीनचा.

खडीन म्हणजे काय ते जरा सविस्तर सांगतो, कारण यासाठीच जयपूर कापलंय. जैसलमेर जिल्ह्यात वर्षाला पाऊस पडतो दोनशे मिलिमीटरच्या आत. तेवढ्यात पालीवाल लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी गव्हाची आणि हरभऱ्याची शेती बसवली. खडकाळ उतारावरचं पाणी वाहत येऊन जिथं सखल भागात साचतं, तिथं खालच्या अंगाला मातीचा लांब बांध घालायचा. पावसाळाभर पाणी तिथं उभं राहतं, सोबत वाहून आलेला गाळ बसतो, क्षार खाली झिरपतात. पाणी जिरलं, उरलेलं सांडव्यातून सोडलं, की त्या ओलीवर रब्बी पेरायची. पुढं एक थेंब द्यायचा नाही. पीक नुसत्या ओलीवर येतं.

अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात ज्याचं वावर आहे त्याला हे वाचून काय वाटेल ते मी सांगायची गरज नाही. पूर्णेच्या खोऱ्यात विहिरीचं पाणी खारं, त्यामुळं आपलाही हरभरा पिढ्यान्‌पिढ्या जमिनीतल्या ओलीवरच उभा. फरक इतकाच की आपल्याकडं सातशे-आठशे मिलिमीटर पडतं आणि तरी आपण रडतो. कुलधरा हे पालीवालांनी सोडून दिलेलं गाव सगळे भुताच्या गोष्टीसाठी बघायला जातात. भुतं राहू देत, त्या परिसरातले बांध बघायचे. जानेवारी-फेब्रुवारीत पीक उभं असण्याची शक्यता आहे, पाऊस बरा झाला असला तर.

त्याच रस्त्यांवर दुसऱ्या टोकाची गोष्टही दिसते: इंदिरा गांधी कालवा. पायाभरणी १९५८ ची, पाणी पंजाबातल्या हरिकेहून थेट जैसलमेरपर्यंत. मुख्य कालवा आणि फीडर मिळून सहाशे किलोमीटरच्या वर. मोहनगडकडं वाकडी वाट करून तो बघायचा विचार आहे. इकडं आमच्या गावात शहानूर धरणाचं पाणी शेपटाच्या शेतापर्यंत पोचावं म्हणून दरवर्षी अर्ज होतात, तेव्हा एवढ्या लांबचं पाणी वाळवंटात कसं पोचतं ते पाहूनच येतो. तनोट आणि लोंगेवाला एका दिवसात. १९७१ च्या डिसेंबरातली लोंगेवालाची लढाई धाकट्या भावाला तोंडपाठ आहे, तो दिवस त्याच्या खात्यात. जैसलमेरहून निघताना टाकी भरून घ्यायची. रामगड सोडलं की मोठं गाव नाही.

परतीला बिकानेर, मग नागौर. नागौरवर माझा हट्ट का, ते विचारणारे बरेच. दोन कारणं.

पहिलं मराठ्यांचं. मारवाडच्या गादीच्या भांडणात उतरलेल्या जयाप्पा शिंद्यांनी विजयसिंहाला नागौरच्या किल्ल्यात कोंडलं होतं, आणि १७५५ मध्ये वेढा चालू असतानाच छावणीत त्यांचा खून झाला. पुढं दत्ताजी शिंद्यांनी वेढा रेटला, तहात अजमेर मराठ्यांकडं आलं. नागौरहून खाली मेडता, तिथं १७९० मध्ये महादजींच्या फौजेनं, त्यांच्या पदरी असलेल्या दी बॉइन या युरोपीय सेनानीच्या पलटणींसह, राठोडांना हरवलं. आणि या सगळ्याचा शेवट कुठं झाला? आमच्या अंगणात. गाविलगडचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला १५ डिसेंबर १८०३ ला, आणि ३० डिसेंबरला दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला तो सुर्जी-अंजनगावचा. जयपूर, जोधपूरच्या उत्तरेकडचा मुलूख त्या कागदावर सुटला. अंजनगावात वाढलेल्या माणसानं नागौर न बघता राजस्थानातून परत येणं मला तरी पटत नाही.

दुसरं कारण बैल. माघात नागौरला जनावरांचा मोठा मेळा भरतो. नागौरी बैल पांढरे, उंच, पळीला तेज. आमचा भाऊ शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा, शौकीन, गवळाऊ जोडीवर जीव टाकणारा. त्याला मी आधीच बजावलंय की बोलेरोत बैल मावत नाही.

गाडीचं काम निम्मं झालंय. कूलंट, बेल्ट, ब्रेक पॅड बदलले, विमा आणि पीयूसी तपासलं, फास्टॅगमध्ये पैसे टाकायचे राहिलेत. अंतर फिरून सगळं मिळून तीन हजार किलोमीटर धरलं, आमची बोलेरो लिटरला पंधरा देते, म्हणजे दोनशे लिटर डिझेल. वाळूत गाडी घालायचा बेत नाही, पण कडेला उतरवताना चाक रुतलं तर काय, म्हणून सराव करायचा ठरलं. मोठेबाबा ओट्यावरून म्हणाले, "वाळू पाहाले इतल्या दूर काहून जा लागते बाबू? नदीत जाय ना." भाऊ म्हणाला, "नदीत उरली कुठं मोठेबाबा, सारी तं ट्रॅक्टरनं गेली." खरंच, शहानूरच्या पात्रात गाडीभर लांबीची मोकळी वाळू शोधायला आम्हाला बरंच खाली जावं लागलं.

तिथं मागचं चाक वाळूत घातलं आणि रेस दिली तर ते जागच्या जागी फिरून खड्डा करू लागलं. थांबलो. मागच्या दोन्ही चाकांची हवा विसाच्या खाली आणली. टायरची बगल जरा फुगली आणि वाळूवरचा ठसा लांबट झाला, आधी वीतभर होता तो दीड वीत भरला. चाकापुढची वाळू हातानं उकरली, खताची दोन रिकामी पोती घडी करून खाली सरकवली, दुसऱ्या गिअरमध्ये हलकंच क्लच सोडला. गाडी निघाली. हवा पुन्हा भरायला बारा व्होल्टचा पंप घेतलाय, पण चार चाकं भरेस्तोवर तो इतका तापतो की मध्ये विसावा द्यावा लागतो. पायपंपही सोबत टाकणार. फावडं घरचंच, दांडा कापून आखूड केलेलं. आईनं ते पाहिलं आणि आता दुसरं आणून दे म्हणते.

राहिलेल्या गोष्टी अशा: बिकानेरचा मुक्काम ठरायचाय, जुनागड आणि जोडबीडचं उष्ट्र (उंट) संशोधन केंद्र एका दिवसात बसतं का ते बघायचंय. परतीला अजमेर, भिलवाडा करत पुन्हा चितोडवरूनच यायचं की कोटा, झालावाड करत गागरोनचा जलदुर्ग घ्यायचा, यावर मतभेद आहेत. बायको गागरोनच्या बाजूनं आहे, जयपूरची भरपाई म्हणून, आणि बहुधा तेच होईल. जळगाव जामोद ते बुऱ्हाणपूर रस्त्यावर पावसाळ्यानंतर कुणी गेलं असेल तर घाटाची अवस्था कळवा. मेळ्याच्या दिवसांत नागौरला खोली मिळते का, तेही सांगा. नसेल मिळत तर मेडत्याला मुक्काम टाकून सकाळी मागं नागौरला जायचं, हा पर्याय तूर्तास धरून ठेवलाय.